मान बारीक येते

२ मार्च, सोमवार

मालक स्वतःहून चहा पाजतात तेव्हा कुणाचं तरी काहीतरी जाणार असतं. आज माझं गेलं.

स्मृतिफलकांवर चेहरे कोरायचं यंत्र येतंय. काळ्या दगडावर पोलादी टोच्याने एकेक ठिपका पाडत मी गेलेल्या माणसाचा चेहरा उभा करते, त्याला मला अकरा दिवस लागतात. यंत्राला चाळीस मिनिटं. शिवाय यंत्राची कंबर दुखत नाही आणि ते मालकांच्या मेव्हण्याबद्दल काही बोलत नाही.

"बाई, तुम्हाला काढून टाकतोय असं समजू नका," मालक म्हणाले. म्हणजे टाकतायत. पण एक फट ठेवली आहे. हल्ली बरीच माणसं आपला फलक जिवंतपणीच करून ठेवतात. मागच्यांच्या आवडीनिवडीवर भरवसा नाही म्हणून. अशांना फोटो नको असतो. समोर बसून, कुणीतरी आपल्याकडे निरखून बघतंय, हे त्यांना हवं असतं. तर मी दुकानाच्या पुढच्या खोलीत काचेमागे बसायचं आणि रस्त्यावरच्या चार माणसांदेखत जिवंत चेहरा काढायचा. "महिनाअखेरीला सांगा, जमतंय की नाही. नाही जमलं तर आपण मोकळे."

आपण म्हणजे मी.

सव्वीस वर्षांत मी समोर बसलेलं माणूस काढलेलं नाही. फोटो उलटून आपल्याकडे बघत नाही, हा त्याचा मोठा गुण. विशीत एकदा आत्याला समोर बसवलं होतं, घरभर पाहुणे असताना. आत्याने कागद हातात घेतला, "अशी दिसते मी?" म्हणाली आणि सगळ्यांसमोर रडायला लागली. तेव्हापासून मी गेलेल्यांकडे वळले. त्यांची तक्रार येत नाही.

घरी मास्तरांना सांगितलं. मास्तर म्हणजे आमचे हे. पुढच्या खोलीत शिवणयंत्र मांडून तीस वर्षं गल्लीचे कपडे शिवतात, त्यामुळे गल्ली त्यांना मास्तर म्हणते आणि मीही. म्हणाले, "जमव. जमलंच पाहिजे तुला. तुझं तुला काहीतरी हवं हाताशी."

मला कशाला हाताशी हवं? तुम्ही आहात की, म्हटलं. त्यावर सुईत दोरा ओवत बसले.

७ मार्च, शनिवार

भाची वाचनालयाच्या माडीवर एक वर्ग घेते. नाव, "भीतीशी मैत्री: चार आठवड्यांत सर्जनशील आत्मविश्वास". मी आजवर या नावाला यथेच्छ हसले आहे. आज नाव नोंदवून आले.

आठजण होतो. एक निवृत्त हिशेबनीस, त्याला कविता वाचून दाखवायची आहे. एक दंतवैद्य, तिला गायचंय. लोकांची तोंडं उघडून उघडून स्वतःचं मिटलं म्हणते. भाचीने सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि "तुमची भीती समोर आली आहे, तिला बसायला खुर्ची द्या" असं सांगितलं. माझ्या भीतीला मी खुर्ची दिली. ती आत्यासारखी दिसत होती आणि खुर्ची भरून उरली.

गृहपाठ मात्र खरा निघाला. रोज एका अनोळखी माणसाला उघड्यावर काढायचं आणि कागद त्याच्या हातात द्यायचा. नुसतं काढून पळायचं नाही.

"मावशी, तू पळणार," भाची म्हणाली.

"तुझ्या जन्माच्या आधीपासून मी काम करते आहे."

"म्हणूनच म्हणतेय."

९ मार्च, सोमवार

बसथांब्यावर एक छत्रीवाला गृहस्थ. नाक सोपं होतं. दहा मिनिटांत उरकलं. कागद फाडून हातात घेतला आणि पळाले. दोन थांबे पुढे जाऊन बस धरली. चुकीची.

१२ मार्च, गुरुवार

आज दिला. टपाल कचेरीच्या रांगेतली बाई, कडेवर पिशवी, बडबडी. काढताना चार डोकी मागे जमली, माझ्या मानेवर त्यांचा श्वास. तरी काढलं, दिलं.

बाईने कागद लांब धरला, जवळ धरला. "छान आहे हो. पण मी गेल्यावर काढलंत का?"

रांग हसली. मीही हसले, कारण बाई बरोबर होती. घरी येऊन मनाने पुन्हा काढून बघितलं. दोन्ही डोळे एका रेषेत, ओठ मिटलेले, सुरकुत्या निम्म्या, हनुवटी जरा वर. आमच्या धंद्याचे नियम आहेत हे. घरच्यांना दगडावर दमलेलं माणूस नको असतं. फोटोत गालफडं बसलेली असली तर आम्ही भरून देतो. आजारापूर्वीचा चेहरा द्यायचा, हे मला मालकांच्या वडिलांनी पहिल्या दिवशी शिकवलं. ते इतकं हातात बसलंय की बोलती बाईसुद्धा मी गप्प करून टाकली.

१४ मार्च, शनिवार

भाचीने माझे न देता पळवून आणलेले कागद भिंतीला लावले. हिशेबनीस म्हणाला, "सगळे एकाच कुटुंबातले वाटतात." दंतवैद्य म्हणाली, "आणि सगळ्यांचे दात चांगले असावेत."

भाची म्हणाली, "मावशी, तू बघत नाहीस, दुरुस्त करतेस. ज्याची भीती वाटत नाही असं माणूस घरी बसव. जे दिसेल ते काढ. माणसाला काय वाटेल ते माणसावर सोड."

भीती वाटत नाही असं माणूस घरी एकच आहे. विचारलं, तर मास्तर लगेच, "मला कशाला? माझ्यात काय काढायचंय?"

"तेच तर. तुमच्यात अवघड काही नाही."

"शेजाऱ्याला बसव. तो बांधेसूद आहे."

तीस वर्षांत या माणसाने मला कशालाही नाही म्हटलेलं नाही, नवीन पडद्यांचा अपवाद सोडला तर. आज तीनदा नाही म्हणाले, मग हो.

१५ मार्च, रविवार

सकाळी खिडकीशी बसवलं. उजेड चांगला. तास दीड तास काढलं आणि सगळं चित्र फुकट गेलं. मान बारीक येते. डोकं बरोबर, खांदे बरोबर, मधे मान अशी की बाटलीवर नारळ ठेवावा.

तीनदा खोडली. शर्टाची कॉलर तर गळ्याला नीट बसलेली, बोटभर फट नाही. कॉलर बरोबर म्हणजे मान बरोबर, म्हणजे चूक माझ्या नजरेची. मास्तरांना सांगितलं तर हसले. "नजरेनं माप घेतलंस की असंच होतं. टेपवर विश्वास ठेवावा. माझी मान साडेपंधरा आहे. लिहून ठेव."

लिहून ठेवलं. साडेपंधराच्या हिशेबाने मान भरली. लगेच मास्तर मास्तरांसारखे दिसायला लागले.

"आता मी," म्हणाले आणि बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मला बरं वाटलं. जेवायला मात्र बसले नाहीत. पोटात आंबट होतं म्हणे. दोन महिने आंबटच चाललंय; माझ्या स्वयंपाकावरची टीका इतक्या सौम्य शब्दांत आजवर कुणी केली नव्हती.

१८ मार्च, बुधवार

आज एक खरोखर जिवंत चित्र झालं! बागेच्या फाटकाशी पहारेकरी खुर्चीत झोपला होता. तोंड उघडं, एक डोळा अर्धा, टोपी कानावर. भीती वाटायला वेळच मिळाला नाही, कारण तो बघत नव्हता. पण मागे शाळकरी पोरांचा घोळका होता आणि त्यांच्या टिंगलीने तो जागा झाला. मी कागद दिला. त्याने बघितलं, पोरं थांबली, मीही थांबले. मग तो असा हसला की टोपी पडली. "अगदी अस्साच झोपतो मी! बायको खोटं नाही बोलत."

त्याने कागद घडी घालून टोपीत ठेवला.

घरी धावत आले तर मास्तर नाहीत. घाऊक बाजारात कापड आणायला गेले होते. एक बुधवार सोडून एक बुधवार जातात हल्ली. संध्याकाळी हात हलवत आले. कापड पसंत पडलं नाही. मागच्या खेपेलाही पडलं नव्हतं. म्हटलं, "घाऊक बाजारात कुणी ठेवली आहे का? निदान तिच्याकडून दोन वार कापड तरी आणत जा."

एवढे हसले की त्यांना भिंतीला धरून बसावं लागलं.

२२ मार्च, रविवार

पुन्हा मास्तर. पुन्हा मान. आणि आता गालही. कानाखाली खळगा येतो, तो माझ्या हाताला कुठून लागला देव जाणे. पहारेकऱ्याचं जमतं, टपालवाल्या बाईचं पुन्हा काढलं तर तेही जमलं, आणि ज्याच्याशेजारी तीस वर्षं बसले त्याचं प्रमाण चुकतं. भाचीला फोन केला. म्हणाली, जवळच्या माणसाचं असंच होतं, मन आड येतं. हे वाक्य ती कुठल्याही प्रश्नाला देते, पण यावेळी पटलं.

साडेपंधराने दुरुस्त केलं.

शिवणयंत्राखाली निळ्या दोऱ्याचे बारीक तुकडे होते. दुपारभर यंत्र चालू होतं, गिऱ्हाईक तर एकही आलेलं नव्हतं. "कुणाचं काम?" म्हटलं. "घरचंच," म्हणाले. पडदे असतील. शेवटी मनावर घेतलं म्हणायचं.

२५ मार्च, बुधवार

चेहरे कोरायचं यंत्र आलं. मालकांनी त्याच्यावर चादर घातली आहे, नव्या नवरीच्या पदरासारखी. मला म्हणाले, "शनिवारी वाचनालयात तुमचा कार्यक्रम आहे म्हणे? मी येतो. तिथे जमलं तर काचेमागेही जमेल. तेच बघून ठरवू."

कार्यक्रम म्हणजे वर्गाचा शेवट. वाचनालयाच्या अंगणात, गावाला आमंत्रण. प्रत्येकाने आपली भीती लोकांसमोर करून दाखवायची. मी मोठ्या कागदावर, ईझलवर, सगळ्यांना दिसेल असा, बसलेला माणूस काढायचा. माणूस आपला आपण आणायचा.

मास्तर म्हणाले, "मी येणार नाही."

"का?"

"एवढ्या लोकांत मला कशाला मांडतेस?"

"आणि मी? मी काय घरी बसून फोनवरून काढणार आहे?"

"कुणी दुसरं बघ."

"अहो, पहारेकऱ्याला सुटी नाही आणि शेजारी खुर्चीत दोन मिनिटं टिकत नाही. नोकरी जाईल माझी."

आवाज चढला माझा. मास्तरांचा चढत नाही, ते नुसती कातरीची उघडझाप करतात. मग म्हणाले, "तो मालक तिथेच ठरवणार?"

"तिथेच."

"मग येतो. निळा शर्ट घालतो, तो बरा बसतो."

२९ मार्च, रविवार

कालचं आज लिहिते. क्रमाने लिहिते.

साठेक माणसं होती. हिशेबनिसाने कविता वाचली, वाईट होती, टाळ्या पडल्या. दंतवैद्य गायली, चांगलं गायली, रडली. मग मी. मास्तर निळा शर्ट घालून खुर्चीत बसले, हात मांडीवर, शाळेच्या फोटोला बसावं तसे. मालक पहिल्या रांगेत.

चारकोल कागदावर चांगला चालला होता. डोकं, खांदे, कपाळ. मान आली तेव्हा मी नजर न उचलता साडेपंधराची घातली. गाल भरले. अर्ध्या तासाने मागे सरकून बघितलं आणि मनात म्हटलं, जमलं.

तेवढ्यात मागून एक पिशवीवाले आजोबा मोठ्याने म्हणाले, "चित्र झकास आहे बाई. पण हे यांच्या धाकट्या भावाचं दिसतंय."

अंगण हसलं. एक बाई म्हणाली, "जुना फोटो बघून काढलं असेल."

"समोर बसलाय तो माणूस काढा की!" आणखी कुणीतरी.

मालकांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. माझे कान तापले. आत्या, घरभर पाहुणे, सगळं जसंच्या तसं. पळायचंच होतं. भाची कडेने आली आणि हळूच म्हणाली, "मावशी, पुसून टाक. बघ आणि काढ. टेप विसर."

फडक्याने मान पुसली. गाल पुसले. वर बघितलं आणि पुन्हा काढायला घेतलं, काहीही न भरता. मानेच्या दोन शिरा दोऱ्यांसारख्या. गळ्याच्या तळाशी खड्डा, त्यात अंगठा बसेल. कानाखालचा खळगा होता तिथेच होता. आणि कॉलर तरीही गळ्याला चोख. मी कॉलर काढली, खांद्याची शिवण काढली, मग छातीवरचा खिसा काढायला गेले. खिसा जागेवर बसेना. दोनदा खोडला. खिसा छातीवर नव्हताच. तो पार काखेकडे गेला होता.

शर्ट दोन्ही बाजूंनी आत घेतला की खिसा काखेकडे सरकतो. शिंप्याच्या बायकोला हे सांगावं लागत नाही. थोडाथोडका नाही, चार बोटं आत घेतला होता. कॉलर उसवून नवीन बसवली होती. निळा दोरा.

माझा हात थांबला. थांबला तर त्यांना कळेल की मला कळलं, म्हणून पुन्हा चालू केला. अजून वीस मिनिटं मी काढत राहिले. आयुष्यात एवढं नीट मी काही बघितलेलं नाही. हसणं केव्हाच बंद पडलं होतं. मास्तर माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे, आणि मधे साठ माणसं होती म्हणून दोघांपैकी कुणी काही करू शकत नव्हतं.

"झालं का गं?" ते म्हणाले. "पाठ भरून आली."

"झालं."

लोक उभे राहिले, टाळ्या वाजवल्या. आजोबा म्हणाले, "आता कसं! आता ते आले." मालकांनी सगळ्यांदेखत हात जोडले, "बाई, काचेमागची खुर्ची तुमची." भाचीने मला मिठी मारली, तिला वाटलं मी आनंदाने रडते आहे. तिच्या वर्गाच्या पुढच्या जाहिरातीत हा प्रसंग येईल. येऊ दे.

चित्र गुंडाळलं आणि मास्तरांना न दाखवता घरी आणलं. त्यांनीही मागितलं नाही.

३१ मार्च, मंगळवार

सांगितलं त्यांनी. डिसेंबरपासून माहीत आहे. स्वादुपिंड. बुधवार म्हणजे घाऊक बाजार नव्हता, इस्पितळ होतं. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत वीतभरही आशा ठेवली नाही, म्हणून घरी आणायला काही नव्हतं, असं म्हणाले. कपाट उघडून दाखवलं. सात शर्ट, तीन पँटी, सगळे आत घेतलेले. एक तर दोनदा. टीप इतकी सुरेख की उलटून बघितल्याशिवाय कळणार नाही.

मी ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. शेजाऱ्याने रेडिओ लावला यावरून अंदाज यावा.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू चेहऱ्यांची बाई. म्हटलं, तुला दिसेलच. रोज वाटायचं आज विचारशील. नाही विचारलंस, तेव्हा म्हटलं, अजून बरं दिसत असेन."

"आणि साडेपंधरा?"

"ते माप खोटं नाही. जुनं आहे."

माझ्याकडे दोन रविवारची चित्रं आहेत, भरलेल्या मानेची. त्यांच्या खाली खोडलेली खरी मान अजून दिसते, कागद तिरका धरला की. मी दोनदा बघितलं होतं आणि दोनदा पुसलं. माझ्या हाताला पंधरा मार्चला कळलं होतं. हात चुकतोय म्हणून मी त्यालाच बोल लावला.

६ एप्रिल, सोमवार

काचेमागे बसले. पहिलं गिऱ्हाईक एक निवृत्त न्यायाधीश. मला हुकूम दिल्यासारखे बसले. मला दिसले तसे काढले, तोंडाचा एक कोपरा पडलेला. रस्त्यावर दहाबारा माणसं काचेला नाक लावून. काही वाटलं नाही. भीती गेली, एवढं खरं. ती गेली तर आनंद होतो असं वर्गात सांगितलं होतं.

दुपारी दोनला सुटी मागितली आणि मास्तरांना घेऊन इस्पितळात गेले.

१९ एप्रिल, रविवार

गेले दहा दिवस मास्तर वॉर्डातच. खिडकीपासून तिसरा पलंग. मी रोज काढते. पलीकडच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याची सून, समोरचे भाऊ-भाऊ, औषधांचा ट्रे घेतलेली नर्स, सगळे मागे उभे राहून बघतात. बघू देत. फक्त ज्याचं काढते त्यालाच दाखवत नव्हते. वही मिटायची आणि पिशवीत टाकायची. त्यांच्या हातात ती कशी देऊ? आत्या तरी नुसती रडली होती.

आज चिडले. आवाज राहिलेला नाही, त्यामुळे चिडणं सगळं डोळ्यांत येतं.

"रोज माल तयार करतेस आणि गिऱ्हाइकाला दाखवत नाहीस. ही कुठली दुकानदारी?"

"बरं झालेलं नाही अजून."

"मी काय बरा झालोय? दे."

सून पुढे सरकली, भाऊही उठून आले. मी वही उघडून दिली. उघडं तोंड, बसलेले गाल, उशीवर सांडलेलं डोकं. काही भरलेलं नाही. मी त्यांच्याकडे बघायचं टाळून सलाइनच्या थेंबांकडे बघत होते. एकतीसपर्यंत मोजले.

त्यांनी चष्मा मागितला. वही छातीवर टेकवून, कापडाचा दोष शोधावा तसं बोट फिरवत बघितलं. बोट खांद्यावर थांबलं.

"डावा खांदा खाली काढलास."

"दिसतो तसा काढला."

"आहेच तो खाली. जन्मापासून. सगळ्या शर्टांना आतून पट्टी लावत आलो. लग्नाच्या कोटाला दोन लावल्या होत्या, तुझे वडील बारकाईने बघणारे." दम घेतला. "या इस्पितळाच्या सदऱ्याला कोण लावणार."

तीस वर्षं मी त्या खांद्यावर डोकं ठेवलं आहे. सांगितलं त्यांना. म्हणाले, "उजव्या. तुला नेहमी उजव्या बाजूला घ्यायचो."

सुनेने तोंड दुसरीकडे फिरवलं. त्यांनी वही परत दिली, चष्मा काढला आणि कूस बदलायला लागले. जमेना, माझ्याकडे तोंड करून कुशीवरच राहिले. मी धरायला उठले तर हाताने थांबवलं.

"पाठमोरं काढ एकदा. मागून मला कुणी बघितलेलं नाही. मलाही कळू दे, कसा जातो ते."

त्यांना वळवायचं नाही असं मी ठरवलं. वही काखेत मारली, खुर्ची उचलली आणि पलंगाला वळसा घालून पलीकडे, त्यांच्या पाठीशी नेऊन ठेवली.